बघारा भात : पाहुण्यासाठी बिर्याणीची वाट पाहू नका



महिन्याची पंचवीस तारीख उलटली की बऱ्याच घरांत दारावरची बेल वाजल्यावर आनंदाआधी काळजी वाटते. कोण आले असेल? जेवायला थांबतील का? मटण आणावे लागेल का? आम्ही दोघी जावा कोंढव्याच्या एकाच स्वयंपाकघरात बरीच वर्षे काढून बसलो आहोत, त्यामुळे ही काळजी आमच्या चांगली ओळखीची आहे. या काळजीपायी आमच्या हातून एक चूक झाली. ती सांगितल्याशिवाय या महिन्याचा पदार्थ सांगता येणार नाही.

टाळेबंदीनंतरचे वर्ष होते. दोघा भावांचे मिळून एक शिलाईचे दुकान, तेही कित्येक महिने बंद राहिलेले. उघडल्यावरही काम निम्म्यावर आले होते. अशात एक दिवस लातूरहून आलेल्या फुफूंचा फोन आला. अम्मींच्या, म्हणजे आमच्या सासूबाईंच्या, त्या नणंद. डोळे दाखवायला पुण्यात आल्या होत्या. म्हणाल्या, "दुपारी मोकळी होते आहे, येऊ का घरी?" आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले. घरात ना मटण, ना मुर्गी. फुफू वर्षा-दोन वर्षांनी येणार आणि त्यांच्यापुढे काय ठेवायचे? आम्ही सांगून टाकले, "फुफू, आज आम्ही सगळे बाहेर चाललो आहोत." अम्मी आतल्या खोलीत जोहरच्या नमाजला उभ्या होत्या. त्यांना काहीच कळले नाही. फुफू संध्याकाळच्या बसने परत गेल्या.

चार महिन्यांनी त्यांच्या इंतकालची बातमी आली. लातूरला गेलो तेव्हा त्यांची सून सहज बोलून गेली, "अम्मीजान पुण्याहून आल्या तेव्हा थोड्या हिरमुसल्या होत्या. म्हणत होत्या, भाभीच्या हातचा बघारा भात अन् दालचा खायला मिळाला असता, तर बरं वाटलं असतं."

त्या दुपारी आमच्या घरात तांदूळ होते, डाळ होती, कांदे होते, चिंच होती आणि एक अख्खा दुधी होता.

परतीच्या वाटेवर आम्ही अम्मींना सगळे खरे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. बराच वेळ गप्प होत्या. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तांदूळ निवडायला घेतले आणि आम्हाला हाक मारली, "या दोघी. आज नीट बघून घ्या. आणि बेटा, घरात तांदूळ असताना कुणाला नाही म्हणू नका."

म्हणून या महिन्याच्या दस्तरखानवर बघारा भात.

हा भात म्हणजे काय?

बघार म्हणजे फोडणी. पण आपल्या मराठी शेजाऱ्यांकडचा फोडणीचा भात वेगळा आणि हा वेगळा. फोडणीचा भात रात्रीच्या उरलेल्या भाताला फोडणी देऊन करतात. बघारा भातात आधी तेलात खडा मसाला आणि कांदा परतून घ्यायचा, त्यात पाणी उकळायचे आणि त्या चवीच्या पाण्यात कच्चे तांदूळ शिजवायचे. दाण्याच्या आत चव मुरते ती त्यामुळेच. यात मटण नाही, भाजी नाही, हळदही नाही. भाताला जो फिकट बदामी रंग येतो तो कांद्याचा.

मराठवाड्यात आणि हैदराबादकडे याला 'बगारा खाना' म्हणतात. दख्खनी बोलीत 'खाना' म्हणजे भातच. मराठवाडा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे लातूर, बीड, औरंगाबादकडच्या मुस्लिम घरांत हा भात आणि दालचा ही जोडी घट्ट बसलेली. तिकडून पुण्यात आलेल्या कुटुंबांनी ती बरोबर आणली. आमच्याकडेही ती तशीच आली.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. बघारा भात म्हणजे मटण नसलेली बिर्याणी नव्हे. बिर्याणी स्वतःच पूर्ण जेवण असते. हा भात दुसऱ्या पदार्थाच्या बरोबरीने बसायला केलेला आहे. चिंचेचा आंबट दालचा, बघारे बैंगन, मिरचीचे सालन किंवा नुसते दही-कचुंबर, कशालाही तो सांभाळून घेतो. म्हणूनच त्याचा मसाला हलका ठेवायचा. भातच झणझणीत केला, तर सोबतच्या सालनाला काही कामच उरत नाही.

तांदूळ कोणता घ्यावा?

पुण्यात राहून तांदळाची चणचण नाही. मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात जा नाहीतर गल्लीतल्या किराणा दुकानात, पाच-सात प्रकार समोर मांडलेले असतात. पण प्रत्येक तांदूळ या भाताला चालत नाही.

तांदळात दोन प्रकारचे स्टार्च असते. अमायलोज जास्त असेल तर दाणे सुटे राहतात आणि अमायलोपेक्टिन जास्त असेल तर चिकटतात. आपल्या जिल्ह्यातला इंद्रायणी चिकटणाऱ्यांपैकी. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून 1987 साली तो आला. आंबेमोहराच्या वाणापासून तयार केलेला, म्हणून त्याला तसाच वास आहे. वरण-भाताला त्याच्यासारखा तांदूळ नाही, पण बघारा भाताला सुटा दाणा हवा. त्यासाठी जुना बासमती उत्तम आणि रोजच्या खर्चात बसणारा जुना कोलमही चांगला. 'जुना' हा शब्द महत्त्वाचा आहे. साठवणीत तांदळाचा ओलावा कमी होतो, मग तो पाणी जास्त पितो, जास्त फुलतो आणि मोडत नाही. दुकानदाराला स्पष्ट विचारा. दावतीसाठी मोठी खरेदी करायची असेल, तर आधी पाव किलो आणून घरी शिजवून पाहा.

घरात इंद्रायणीच असेल, तर हात आखडू नका. तो भिजवू नका, फक्त धुवा आणि पाणी पावणेदोनपट घाला. भात मऊ होईल, पण दह्याबरोबर मुलांना हाच जास्त आवडतो.

साहित्य (चार-पाच जणांसाठी)

जुना बासमती किंवा कोलम 2 वाट्या, तेल 3 मोठे चमचे (त्यातला एक चमचा तूप घेतले तर उत्तम), उभे पातळ चिरलेले मध्यम कांदे 2, आले-लसूण वाटण 1 मोठा चमचा, मधोमध चीर दिलेल्या हिरव्या मिरच्या 4, शहाजिरे 1 लहान चमचा, दालचिनीचे बोटभर लांबीचे 2 तुकडे, लवंगा 4, हिरव्या वेलच्या 4, तमालपत्रे 2, मूठभर पुदिना आणि तेवढीच कोथिंबीर, दही 2 मोठे चमचे, मीठ अंदाजे 2 लहान चमचे, पाणी बासमतीला 3 ते साडेतीन वाट्या, कोलमला 4 वाट्या.

कृती

तांदूळ तीन-चार पाण्यांनी हलक्या हाताने धुवा. चोळू नका, दाणे तुटतात. पाणी जवळजवळ नितळ दिसले की वरचे सुटे स्टार्च गेले असे समजा. मग अर्धा तास भिजवा. भिजलेला दाणा आतपर्यंत ओला होतो, त्यामुळे तो एकसारखा शिजतो आणि लांब होतो. शिजवायला घेण्याआधी पाच-सात मिनिटे चाळणीत पूर्ण निथळून घ्या. निथळले नाहीत, तर ते पाणी तुमच्या मापात भर घालते आणि मग भात गिचका झाला म्हणून आपण तांदळाला दोष देतो.

जाड बुडाच्या पातेल्यात तेल तापवा. शहाजिरे, दालचिनी, लवंग, वेलची आणि तमालपत्र घाला. वास सुटला की कांदा घाला. या भाताचे सगळे यश कांद्यात आहे. मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटे लागतात, घाई चालत नाही. कांदा सोनेरीच्या पुढे जाऊन बदामी झाला पाहिजे. पांढरा राहिला तर भात फिका लागतो, काळा पडला तर कडू. बदामी होताच चमचाभर कांदा वर घालायला काढून ठेवा.

आता आले-लसूण आणि मिरच्या घाला. कच्चा वास जाईपर्यंत, साधारण दोन मिनिटे परता. आच कमी करून फेटलेले दही घाला आणि ढवळत राहा, म्हणजे ते फाटणार नाही. तेल कडेला दिसले की निम्मा पुदिना, निम्मी कोथिंबीर आणि मापाचे गरम पाणी ओता. मीठ घालून खळखळून उकळू द्या.

इथे पाणी चाखायचेच. रश्श्यापेक्षा किंचित खारट लागले पाहिजे, कारण अजून तांदूळ जायचा आहे. शिजलेल्या भातात वरून घातलेले मीठ कधीच नीट लागत नाही.

उकळत्या पाण्यात तांदूळ घाला आणि एकदाच अलगद हलवा. झाकण न ठेवता मध्यम-मोठ्या आचेवर पाच-सहा मिनिटे शिजू द्या. पाणी तांदळाच्या पातळीला आले आणि वर लहान भोके दिसू लागली की उरलेला पुदिना-कोथिंबीर व बाजूला ठेवलेला कांदा पसरा. झाकणाला स्वच्छ सुती कापड बांधून घट्ट बसवा. वाफेचे थेंब कापड शोषते, भातावर पडत नाहीत. कापडाची टोके मात्र वर बांधा, आचेपाशी लोंबू देऊ नका. पातेल्याखाली तवा ठेवा, आच अगदी मंद करा आणि दहा-बारा मिनिटे दम द्या.

गॅस बंद केल्यावर आणखी दहा मिनिटे झाकण उघडू नका. आमच्यातल्या धाकटीला हे सर्वात कठीण गेले. पण याच दहा मिनिटांत वरचा आणि खालचा ओलावा सारखा होतो. मग पसरट झाऱ्याने कडेने भात मोकळा करा, मधून ढवळू नका.

कुकरमध्ये करायचा असेल, तर कांदा-मसाला कुकरमध्येच परता, भिजवलेल्या 2 वाट्या बासमतीला पावणेतीन वाट्या पाणी घ्या, मध्यम आचेवर एक शिटी करा आणि वाफ आपोआप जिरू द्या. नोकरीवरून सात वाजता घरी पोहोचणाऱ्या भगिनींनी यात कमीपणा मानू नये.

अम्मींचे बोट आणि आमची वाटी

अम्मी वाटीने कधीच मोजत नसत. तांदळावर तर्जनी टेकवायची आणि पाणी पहिल्या पेरापर्यंत आले की पुरे. आम्ही तसे करून पाहिले. एकदा भात कच्चा राहिला, एकदा लापशी झाली. शेवटी कारण लक्षात आले. अम्मींचे बोट अम्मींच्या पातेल्यासाठी होते. तेच तांदूळ रुंद पातेल्यात पसरले की थर पातळ होतो आणि पेराइतके पाणी जास्त ठरते. उंच, अरुंद भांड्यात तेच कमी पडते. म्हणून त्या दिवशी आम्ही अम्मींना त्यांच्या पद्धतीने पाणी घालू दिले, पण त्याआधी ते वाटीने मोजून घेतले आणि वहीत लिहिले. वरचे माप त्या वहीतले आहे. तुमच्या घरातही बोटाने मोजणारे हात असतील, तर ते आहेत तोवर त्यांचे माप वाटीने मोजून लिहून ठेवा.

बिघडलाच तर

वरचा थर कच्चा राहिला, तर तीन-चार चमचे गरम पाणी शिंपडा आणि कापड ओले करून, पिळून झाकणाला बांधा. पाच-सात मिनिटे मंद दम पुरेसा होतो. भात जास्त ओला झाला, तर ढवळू नका. परातीत पसरून पाच मिनिटे पंख्याखाली ठेवा. बुडाला लागला, तर वरचा भात लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, खरवडू नका, नाहीतर जळका वास सगळ्या भाताला लागतो. मीठ कमी पडले, तर भात तसाच राहू द्या आणि दालचा थोडा चढा करा.

सोबत साधा दालचा

हाडाचा दालचा प्रसिद्ध आहे, पण बिनमटणाचाही तितकाच पोटभरीचा होतो. अर्धी वाटी हरभरा डाळ तासभर भिजवून, अर्धी वाटी तूर डाळ मिसळून हळदीबरोबर कुकरमध्ये मऊ शिजवा आणि हलके घोटा. तेलात कांदा, आले-लसूण परतून तिखट आणि धने-जिरे पूड घाला, पाव किलो दुधीच्या मोठ्या फोडी घाला. फोडी पूर्ण शिजल्यावरच डाळ आणि लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ घाला. आंबट आधी पडले, तर भाजी आणि डाळ दोन्ही शिजायला अडून बसतात. दहा मिनिटे उकळून वरून जिरे, सुकी मिरची, लसूण आणि कढीपत्त्याचा बघार द्या.

अचानक एक माणूस वाढला, तर दालच्यात वाटीभर गरम पाणी घालता येते. सालन शिजवताना रस्सा वाढवा आणि शेजाऱ्याला त्यातले द्या, या अर्थाचा उपदेश प्रेषित (स.) यांनी हजरत अबू जर (रजि.) यांना केल्याचे हदीसमध्ये येते. त्यात मटण वाढवा असे सांगितलेले नाही, पाणी वाढवा असे सांगितले आहे. आम्ही हे लहानपणापासून ऐकत होतो, पण फुफूंना नाही म्हटले त्या दिवशी ते आम्हाला आठवले नाही.

पंचवीस जणांसाठी

दुःखाच्या घरी जेवण पाठवायचे असते, तेव्हा हा भात फार उपयोगी पडतो. हिजरी 8 मध्ये मुताच्या लढाईत हजरत जाफर (रजि.) शहीद झाले, तेव्हा त्यांच्या घरच्यांसाठी अन्न तयार करा, असे प्रेषित (स.) यांनी सांगितले. त्या घरात चूल पेटवण्याची कोणाची मनःस्थिती नसते आणि दमदार मसालेदार जेवण कोणाला जातही नाही. बघारा भात वृद्धांना, मुलांना चालतो, आणि भेटायला आलेले शाकाहारी शेजारीही त्याच पंगतीत बसू शकतात.

पंचवीस जणांना दालच्यासोबत अडीच किलो तांदूळ पुरतो. त्याला पाऊण किलो कांदे, दीडशे ग्रॅम आले-लसूण, साधारण तीनशे मिलिलिटर तेल आणि चार सपाट मोठे चमचे मीठ, तेही पाणी चाखून. पाण्याचे प्रमाण मात्र घरच्यासारखे धरू नका. मोठ्या पातेल्यात पाणी त्या मानाने कमी उडून जाते, म्हणून भिजवलेल्या बासमतीला सव्वापट ते जवळपास दीडपट पाणी पुरे होते. सुरुवात कमी पाण्याने करा आणि शेजारी गरम पाणी तयार ठेवा. कमी पडलेले घालता येते, जास्त झालेले काढता येत नाही.

उरलेला भात

शिजलेला भात पातेल्यात तसाच रात्रभर ओट्यावर ठेवू नका, पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये तर मुळीच नको. तांदळातल्या काही जीवाणूंचे बीजाणू शिजवल्यानंतरही जिवंत राहतात. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांनी सोडलेले विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून उरलेला भात पसरट भांड्यात लवकर गार करून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी पाण्याचा हबका मारून एकदाच वाफ येईपर्यंत गरम करा आणि संपवा.

पाहुण्यांचा डबा

त्या शुक्रवारनंतर आम्ही एक सवय लावून घेतली. फडताळात एक डबा वेगळा आहे. त्यात एक किलो जुना तांदूळ, दोन वाट्या डाळ, चिंचेचा गोळा आणि एका वेळचा खडा मसाला बांधलेल्या तीन पुड्या. महिन्याची कितीही तारीख असो, त्या डब्याला घरखर्चासाठी हात लावायचा नाही. वापरला, तर पगाराच्या आठवड्यात आधी तो भरायचा. बेल वाजल्यापासून पाहुण्यांपुढे ताट यायला सव्वा तास लागतो. तेवढ्या वेळात चहा होतो, ख्यालीखुशाली विचारून होते.

अम्मी आता स्वयंपाकघरात फारशा येत नाहीत. गुडघे दुखतात. पण कांदा परतताना बाहेरच्या खोलीतून आवाज येतो, "अजून दोन मिनिटं, बेटा." त्यांना तिथे बसूनही वासावरून कळते.

गेल्या महिन्यात अठ्ठावीस तारखेला लातूरहून फुफूंची तीच सून आली, मुलाच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी. फोनवर म्हणाली, "काही करत बसू नका, दहा मिनिटं येऊन जाते." आम्ही सांगितले, "जेवूनच जायचं. बघारा भात करतोय." ती आली, जेवली, आणि जाताना अम्मींनी तिच्या हातात एक डबा दिला. लातूरला पोहोचेपर्यंत भात टिकणार नव्हता, म्हणून त्यात शिजवलेले काही नव्हते. खडा मसाल्याची एक पुडी होती आणि वहीतून उतरवलेले माप.